दोन्ही बंदुकांना बसेल असं

महादेवी गिरणीतून दळण घेऊन परत आली तेव्हा तिचा नवरा ओट्यावर पाठमोरा बसून फोनवर हळू बोलत होता. हळू बोलणं शरणबसप्पाच्या स्वभावातच नव्हतं. उमरग्याच्या मोंढ्यात त्याने सोयाबीनचा भाव पुकारला की रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे लोक चहा प्यायचे थांबत. तो माणूस आज तोंडावर टॉवेल धरून कुजबुजत होता. साहजिकच महादेवी पिठाचा डबा कमरेवर घेऊन दाराआड थांबली. तिच्या जागी कुणीही थांबलं असतं.

"दोन्हीला बसंल असं एकच पायजे," तो सांगत होता. "बारा बोअरला बी आन् रायफलीला बी. येगयेगळी दोन नगंत. आन् आवाज? त्यो तर न्हायच आला पायजे. शेजारी उभा ऱ्हायलेला माणूस बी दचकाया नगं."

पाय न वाजवता महादेवी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली आणि मग भांडी मुद्दाम आदळत बाहेर आली. शरणबसप्पाने फोन खिशात घातला होता आणि तो अगदी साळसूदपणे आभाळाकडे बघत होता.

"कुनाचा फोन व्हता?"

"डुकरं लई झाल्यात. मक्याचं वाटुळं करायल्यात. बंदुकीला एक नळकांडं बसवावं म्हन्लं, आवाज कमी करायचं."

आता महादेवी काही शाळेत फार शिकलेली नव्हती, पण तिचा जन्म शेतात गेला होता. डुकरं पळतात ती आवाजाला. त्यासाठी लोक तेरखेड्याहून सुतळी बॉम्ब आणतात, रात्रभर डबे बडवतात, आणि हा शहाणा आवाज बंद करून डुकरं हाकणार होता! या घरातल्या बंदुकाही आवाजासाठीच होत्या. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, बारा बोअरची दुनळी आणि त्यांनीच नंतर घेतलेली रायफल. आप्पा गेल्यावर दोन्हींचं लायसन शरणबसप्पाच्या नावावर झालं. त्या बंदुकांनी आजवर एक पाखरूही मारलं नव्हतं. आवाज नसलेली बंदूक लागते ती एकाच कामाला, आणि ते काम डुकराचं नव्हे.

मग कुणाचं? हा प्रश्न तिला फार वेळ पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो धाकटा दीर, वीरप्पा.

वीरप्पा केंद्रीय राखीव पोलीस दलात होता. तिकडे छत्तीसगडच्या जंगलात सुरुंग फुटला, त्याच्या पुढच्या गाडीतली माणसं गेली, आणि काही महिन्यांनी वीरप्पा नोकरी सोडून गावी आला. अंगावर ओरखडाही नव्हता. आल्यावर वाटण्या झाल्या आणि पहिल्याच पावसाळ्यापूर्वी शरणबसप्पाच्या ट्रॅक्टरवाल्याने दोघांमधला बांध कोरला. चुकून कोरला की सांगून, हे देव जाणे. वीरप्पाच्या मुलाने, बसवराजने, मोजणीचा अर्ज टाकला. शरणबसप्पाने भर चौकात त्याला तोंडाला येईल ते सुनावलं. त्यानंतर वीरप्पाने थोरल्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

शरणबसप्पाला सगळ्यात लागलं ते दसऱ्याचं. या घराची रीत आप्पांनी घालून दिलेली होती. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मागच्या मोकळ्या रानात थोरल्याने दुनळीचा बार काढायचा आणि धाकट्याने रायफलीचा. दोन भाऊ, दोन बार. त्याशिवाय आपट्याची पानं वाटायची नाहीत. वीरप्पा यायचा थांबला तसे दोन्ही बार शरणबसप्पाच काढू लागला, आणि दुसरा बार काढताना त्याचं तोंड असं व्हायचं की महादेवी तिकडे बघायचं टाळायची.

दोन बंदुका. बाप आणि लेक. महादेवीने हिशेब लावला आणि तो तंतोतंत जुळला, म्हणून तिला दुसरं काही सुचेना.

चार-दोन दिवसांनी तो माणूस आला. योगीराज म्हणून नाव सांगितलं, गाव विचारलं तर हात हलवून हमरस्त्याकडे दाखवलं. तो रस्ता सोलापूरलाही जातो आणि हैदराबादलाही, त्यामुळे त्या उत्तरात काही अर्थ नव्हता. घरात येताच त्याने दोन्ही खिडक्यांतून बाहेर बघितलं आणि शरणबसप्पाचा फोन मागून घेऊन ज्वारीच्या कणगीवर नेऊन ठेवला.

"तुमी पोलिसाचं मानूस न्हाव कशावरनं?" त्याने विचारलं.

"आन् तू न्हाईस कशावरनं?" शरणबसप्पा म्हणाला.

महादेवी चहा घेऊन गेली तेव्हा दोघांनीही कप उचलला नाही. योगीराज तिच्याकडे बघत होता आणि शरणबसप्पा योगीराजच्या पिशवीकडे. ती आत आली आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

पिशवीतून तीन नळकांडी निघाली आणि टॉवेलवर मांडली गेली. शरणबसप्पा जन्मभर माल पारखत आलेला माणूस. तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा बघितल्याशिवाय त्याने कधी बोली लावली नव्हती. तसंच त्याने एकेक नळकांडं उचललं, वास घेतला, आत डोळा घालून उजेडाकडे धरलं. पहिलं त्याने लगेच बाजूला सारलं.

"ह्ये मोटारसायकलचं हाय. रंग दिलाय वरून."

योगीराजने दात काढले, म्हणजे पकडला गेला होता. दुसरं आखूड आणि जड होतं, पण फक्त रायफलीला बसणारं. तिसऱ्याबरोबर बदलायच्या कड्या होत्या. ही लावली की दुनळीच्या एका नळीला, ती लावली की रायफलीला, असं योगीराजचं म्हणणं.

"दोन्हीला बसनारं काय बी कुठल्याच एकाला धड बसत न्हाय," शरणबसप्पा म्हणाला. "दुनळीला आवाज किती येनार, खरं सांग."

"फटाका फुटायचा तितं टाळी वाजंल, मालक."

"टाळी बी नगं. मानूस हितं हाय बग, माज्या खांद्याला खांदा लावून. त्येला कळाया नगं कवा उडाली ते."

दाराआड महादेवीने पदर तोंडात कोंबला. खांद्याला खांदा लावून! म्हणजे जवळ बोलावून. योगीराजलाही ते ऐकून बरं वाटलं नसावं. तोही अशा धंद्यातला असून जरा मागे सरकला आणि म्हणाला, "काय कराचं ते करा. माजं नाव येऊ देऊ नगा." मग पैसे कमरेला खोचून तो मागच्या वाटेने गेला. चहा तसाच गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शरणबसप्पा दोन्ही बंदुका घेऊन विहिरीकडे गेला. तिला म्हणाला, "तू येऊ नगंस." ती गोठ्यात कान देऊन बसली. एकदा कुणीतरी दार आपटावं तसा आवाज झाला, आणि मग त्याहून बारीक एक. गोठ्यातल्या म्हशीने रवंथ थांबवलं नाही. बंदूक उडाली आणि म्हशीलाही कळलं नाही, याहून भयंकर गोष्ट महादेवीने ऐकली नव्हती. शरणबसप्पा परत आला तो खुशीत, आणि त्याने आपणहून दुसरी भाकरी मागून घेतली.

आणि जेवता जेवता म्हणाला, "यंदा दसऱ्याला वीरप्पाला बोलवलंय. येतो म्हन्ला."

तिचा हात तव्यावरच राहिला. बोट भाजलं तेव्हा तिला कळलं.

"तुमी बोल्लाव त्येंच्याशी?"

"भाऊ हाय माजा. बोलू नगं?"

तिने त्या रात्री विचारायला हवं होतं. तिने विचारलंही, पण आडून. "अवो, मनात काय वंगाळ तर न्हाय न्हवं?" तो हसला आणि म्हणाला, "तू तुजं काम कर." या माणसाबरोबर तिने संसार केला होता, तापात त्याच्या उशाला बसून रात्री काढल्या होत्या. तरी त्याच्या हसण्याची तिला भीती वाटली आणि तिची तिलाच लाज वाटली.

सोमवारी महादेवाच्या देवळात तिने श्रीदेवीला गाठलं. श्रीदेवी वीरप्पाची बायको. बांध कोरल्यापासून दोघी जावांनी एकमेकींना पाठच दाखवली होती.

"दसऱ्याला भावजीस्नी पाटवू नगंस," महादेवी घाईने म्हणाली. "काय बी निमित्त सांग. पोरालाबी नगं."

श्रीदेवीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "का ओ अक्का? आमी आलो तर तुमच्या घरचं काय उनं व्हतंय?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं? ह्येंनी आपनहून यायचं म्हन्त्यात. थोरल्या भावानं शब्द दिलाय म्हनं."

"कसला शब्द?"

"ते मलाबी सांगिना झाल्यात." श्रीदेवी क्षणभर घोटाळली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं, हे महादेवीला स्पष्ट दिसलं. "आमच्या घरचं आमी बगू. तुमाला बांध पुरला न्हाय व्हय, आता सनाला बी आडवं यायलाव?"

ती बेल वाहून निघून गेली. महादेवी नंदीपाशी बसून राहिली. सांगायचं ते सांगता आलं नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे नवऱ्याला खुनी म्हणायचं होतं.

शेवटी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते तिने म्हटलंच. पोलीस पाटील मच्छिंद्र कांबळेंच्या घरी जाऊन म्हटलं. मच्छिंद्र सरळ माणूस. गावातली निम्मी भांडणं त्यांनी आपल्या अंगणातल्या बाजेवर बसवून मिटवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नळकांड्याचं नाव निघताच चष्मा काढला.

"वैनी, ही चीज कुठल्याच लायसनीत बसत न्हाय. घरात सापडली तरी गुन्हा हाय."

"तेवडी काडून न्या. त्येंना हात लावू नगा."

"ते माज्या हातात ऱ्हात न्हाय. तुमी आता बोलला न्हाई असं म्या समजू शकतो. येकदा का ठाण्याला कळवलं की पुढचं त्येंचं." ते थांबले. "पक्कं हाय का तुमचं? शरणबसप्पा तोंडाचा फटकळ हाय, पन मानूस मारंल असं वाटत न्हाय मला."

तिला वीरप्पा दिसत होता, थोरल्या भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला. तिने हो म्हणून मान हलवली. मच्छिंद्र सुस्कारा टाकून उठले आणि फोन घ्यायला आत गेले.

दसऱ्याला सकाळी शरणबसप्पाने स्वतः ओटा धुतला. पाटावर धुतलेला टॉवेल अंथरला, त्यावर दुनळी आणि रायफल ठेवली, कोयते, कुऱ्हाड, विळे मांडले. विभूती लावली, झेंडूची माळ घातली, बेल वाहिला. आणि मग ट्रंकेतून ते नळकांडं काढून त्याने दोन्ही बंदुकांच्या मधे ठेवलं, त्यालाही विभूतीची तीन बोटं ओढली आणि दोन फुलं वाहिली.

महादेवी बघतच राहिली. ज्याच्यासाठी कणगीवर फोन ठेवले, खिडक्यांतून डोकावून बघितलं, ते उघड्या ओट्यावर? शेजारपाजारचे लोक येऊन पाया पडत होते. कुणीतरी "ह्ये काय ओ?" म्हणून विचारलंही. हत्यार आहे म्हटल्यावर त्याची पूजा झालीच पाहिजे, मग ते कायद्यात बसो न बसो, असा त्या माणसाचा सरळ हिशेब होता. खून करायला निघालेला माणूस असं करील का, हा विचार महादेवीच्या मनात पहिल्यांदा तेव्हा आला. आता ठाण्यातून जीप यायची वेळ झाली होती.

तेवढ्यात वीरप्पा आला. मागे श्रीदेवी आणि बसवराज. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता त्याने, आणि चेहराही तसाच पांढरा होता. हात पाठीमागे धरले होते. शरणबसप्पा पुढे झाला आणि कानडीत काहीतरी म्हणाला. दोघं भाऊ मनातलं बोलायचं झालं की कानडीत शिरायचे. मग दुनळीला ते नळकांडं फिरवून बसवलं आणि भावाच्या खांद्यावर हात टाकून त्याला रानाकडे नेऊ लागला.

महादेवी धावली. तिने दुनळी दोन्ही हातांनी धरली आणि अख्ख्या ओट्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "भावजी, पळा! मारायला आनलंय तुमाला!"

सगळे जागच्या जागी थांबले. शरणबसप्पा तिच्याकडे असा बघत होता की जणू ती कुठली परकी बाई आहे. आणि त्याच वेळी फाटकापाशी जीप थांबली. फौजदार उतरला, दोन शिपाई, आणि सगळ्यांत मागे, खाली बघत, मच्छिंद्र. फौजदाराला शोधाशोध करावी लागली नाही. माल समोरच होता, फुलांसकट.

"हे कशासाठी आणलं?" त्याने विचारलं. "कुणाला मारायचं होतं?"

फौजदाराने पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. ओट्याखाली निम्मा गाव जमला होता. शरणबसप्पाने एकदा वीरप्पाकडे बघितलं आणि दात आवळून म्हणाला, "डुकरं मारायला."

"आवाज बंद करून?" फौजदार हसला. "तुमची बायको तर वेगळंच सांगते."

शरणबसप्पाने मान वळवली. तिला वाटलं आता हा आपल्याला मारील. त्याने मारलं नाही. नुसतं बघितलं.

"अण्णा, बेडा," वीरप्पा म्हणाला. नको, असं म्हणत तो पुढे आला आणि पाठीमागचे हात त्याने सगळ्यांसमोर धरले. ते थरथरत होते, थांबतच नव्हते. "साहेब, ते माज्यासाटी हाय. मला आवाज सोसत न्हाय. सुरुंग फुटला तवापासनं न्हाय सोसत. फटाकडी वाजली तरी... कपड्यात व्हतं माज्या. म्हनून म्या दसऱ्याला येत न्हवतो. लोकं म्हन्ली बांधापायी, म्या म्हन्लं म्हनू द्या. अण्णानं उनाळ्यात येका लग्नात मला पोत्यांच्या मागं लपल्यालं बगितलं. त्यो म्हन्ला, तू ये, मी बार काढीन आन् तुला ऐकू यायचा न्हाय. तुजा बार बी तूच काढायचा. कुनाला कळाया नगं."

पोलादी छातीचा म्हणून गावाने ज्याच्या गळ्यात हार घातले होते, तो माणूस गावासमोर हे बोलत होता. श्रीदेवीने डोळ्यांना पदर लावला. एवढंच तिने देवळात गिळलं होतं.

"पन मग..." महादेवी म्हणाली. "मग बार काडायचाच कशाला? न्हाय काडला तर काय व्हतंय?"

शरणबसप्पा गोंधळला. ते त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. भाऊ हवा होता आणि बारही हवा होता. दोन्ही जमेल असं काहीतरी शोधत तो सगळीकडे फिरला होता. त्यातली एक गोष्ट सोडून देता येते, हे या घरात कुणी त्याला शिकवलंच नव्हतं.

"म्या इचारलं व्हतं तुमाला," ती रडत म्हणाली.

"त्येची अब्रू व्हती ती. तुला कशी सांगू?" तो म्हणाला. "आन् तू... मी त्येला मारीन, असं वाटलं तुला?"

फौजदाराचा आवाज आता खाली आला होता, पण कायदा कायदाच होता. पंचनामा झाला, दोन्ही बंदुका आणि नळकांडं कापडात बांधलं गेलं. शरणबसप्पा चपला घालून स्वतःच जीपमध्ये जाऊन बसला. दार लावताना शिपायाने वीरप्पाकडे बघितलं आणि ते हळूच, हाताने दाबून लावलं.

जामीन झाला. केस चालू आहे, ती कधी संपेल ते सांगता येत नाही. लायसन गेलं, बंदुका गेल्या. बांधाचं भांडण मात्र मिटलं, तेही मोजणीशिवाय. वीरप्पा आता रोज संध्याकाळी येतो आणि दोघं भाऊ ओट्यावर कानडीत बोलत बसतात. कधी कधी हसतातही. महादेवी चहा घेऊन बाहेर आली की हसणं थांबतं. वीरप्पा "या वैनी" म्हणतो, अगदी मनापासून म्हणतो, आणि त्यामुळे तिला जास्तच टोचतं.

शरणबसप्पाने तिला एका शब्दाने दुखावलेलं नाही. उलट तो आता तिला सगळं सांगतो. "उमरग्याला चाललोय, खत आनायला." "फोन बसवराजचा व्हता, मोटारीचं इचारत व्हता." "देवळात जाऊन येतो, तासाभरात आलो." ती विचारत नाही तरी सांगतो, तिच्यासमोर सरळ उभा राहून, हात खाली सोडून, ठाण्यात उभा होता तसा. एकदा ती म्हणाली, "नगा सांगू ओ मला सगळं." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सांगितल्यालं बरं असतं." आणि खत कुठल्या दुकानातून आणणार, तेही सांगून गेला.